पार्श्वभूमी : अखंड बेळगाव जिल्हा आणि बेंगळूरची खुर्ची

कर्नाटकातल्या सत्ताधारी काँग्रेसमध्ये मुख्यमंत्रिपदावरून २०२३ पासून जी ओढाताण चालत आली, तिचे दोन्ही पैलवान जुन्या म्हैसूर प्रांतातले. एक म्हैसूरकडचा, सिद्धरामय्या; दुसरा कनकपूरचा, डी. के. शिवकुमार. तरीही प्रत्येक फेरीत बेळगाव जिल्ह्याचे नाव येतेच. कधी इथल्या मंत्र्याच्या घरच्या जेवणावळीमुळे, कधी इथल्या आमदारांच्या सहलीमुळे, तर कधी 'तिसरा पर्याय' म्हणून. याचे कारण शोधायला १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मागे जायची गरज नाही. सीमावादावरचा महाजन अहवाल आणि सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा दावा सीमाभागातल्या वाचकाला पाठ आहेत. कमी बोलले जाते ते जिल्ह्याच्या आकाराबद्दल.

विधानसभेच्या २२४ जागांपैकी १८ एकट्या बेळगाव जिल्ह्यात आहेत. बेंगळूर शहर सोडले तर एवढे आमदार दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्याचे नाहीत. मे २०२३ मध्ये सत्ताधारी पक्षाला राज्यात १३५ जागा मिळाल्या, त्यातल्या ११ या जिल्ह्याने दिल्या. बेळगाव, विजापूर, बागलकोट, धारवाड, गदग आणि हावेरी या सहा जिल्ह्यांत मिळून ५० पैकी ३३ जागा आल्या. म्हणजे बहुमताचा मोठा वाटा उत्तरेने उचलला. मुख्यमंत्रिपद आणि उपमुख्यमंत्रिपद मात्र दोन्ही दक्षिणेकडे गेले. बेळगावच्या वाट्याला दोन मंत्रिपदे आली. तीही एकमेकांशी फारसे पटत नसलेल्या दोन घराण्यांत वाटली गेली.

हे नवे नाही. जमखंडीकडच्या नेत्याने १९५८ ते १९६२ राज्य सांभाळले. हुबळी परिसराने १९८८, २०१२ आणि २०२१ मध्ये मुख्यमंत्री दिले. १९५६ नंतर बेळगाव जिल्ह्यातून एकही झाला नाही. अथणीच्या नेत्याला २०१९ मध्ये उपमुख्यमंत्रिपद मिळाले, तेही आदल्या वर्षीच्या पराभवानंतर, आणि २०२१ मध्ये नेतृत्व बदलले तेव्हा ते गेले. हुक्केरीचे एक दिवंगत मंत्री तर वेगळ्या उत्तर कर्नाटक राज्याची मागणी करायचे आणि मुख्यमंत्रिपदाची इच्छाही लपवायचे नाहीत. बेंगळुरात ते कुणी फारसे मनावर घेतले नाही.

'उत्तर मागास, दक्षिण पुढारलेली' हे नेहमीचे सूत्र बेळगावला नीट बसत नाही, हेही सांगायला हवे. प्रादेशिक असमतोलावरच्या उच्चाधिकार समितीने २००२ मध्ये १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरवले. ३९ अतिमागास तालुक्यांपैकी २१ गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) विभागात निघाले, बेळगाव विभागात केवळ पाच. पुढे विशेष तरतुदींचे ३७१ (जे) हे घटनेचे कलम आले, ते बिदर-कलबुर्गीकडच्या जिल्ह्यांसाठी. बेळगावला त्यात जागा नव्हती, आणि आकडे पाहता ती मिळणारही नव्हती. साखर कारखाने, सहकारी बँका, घटप्रभा-कृष्णेचे पाणी असलेला हा जिल्हा गरीब म्हणून रडू शकत नाही. त्याची तक्रार खुर्चीची आहे.

आता मुख्य मुद्दा. ऑगस्ट १९९७ मध्ये तेव्हाच्या राज्य सरकारने जिल्ह्यांची पुनर्रचना केली. विजापुरातून बागलकोट वेगळे झाले, धारवाडातून गदग आणि हावेरी. त्याच निर्णयात चिकोडी आणि गोकाक हे दोन नवे जिल्हेही होते. बेळगावचे तीन तुकडे होणार होते. प्रशासनाच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. अथणीच्या पलीकडच्या गावातून कलेक्टर कचेरीला यायचे तर दीडशे किलोमीटरची रपेट, सकाळी निघालेला माणूस रात्री घरी. पण निर्णय टिकला नाही. कन्नड संघटना रस्त्यावर उतरल्या आणि थोड्याच अवधीत चिकोडी-गोकाकचा भाग सरकारने मागे घेतला. बाकीचे जिल्हे झाले.

विरोधामागचे गणित उघड होते. चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक, हुक्केरी बाजूला काढले की उरलेल्या बेळगावात शहर, बेळगाव ग्रामीण आणि खानापूर यांचे वजन वाढते, म्हणजे मराठी टक्का वाढतो. महाराष्ट्राचा दावा जिवंत असताना असा जिल्हा कागदावर तयार करून द्यायचा नाही, हे ते धोरण. सीमाप्रश्न सुटेपर्यंत विभाजन नको, हे वाक्य तेव्हापासून दर काही वर्षांनी ऐकू येते. मराठी माणसाला याबद्दल कुणी विचारले नाही. विचारले असते तर निपाणीचे उत्तर एक आणि खानापूरचे दुसरे आले असते, हा भाग वेगळा. त्यात मुख्य ठिकाण कोणते यावर चिकोडी आणि गोकाक यांची आपसात चढाओढ, मागून बैलहोंगलही रांगेत. विरोधकांना आयतेच फावले.

गंमत अशी की जिल्हा सोडून बाकी बरेच काही केव्हाच वाटले गेले आहे. चिकोडी हा स्वतंत्र शैक्षणिक जिल्हा आहे. गाड्यांच्या नंबरपाट्यांवर बेळगाव २२, चिकोडी २३, बैलहोंगल २४ आणि गोकाक ४९. लोकसभेसाठी तर हे अठरा मतदारसंघ तीन खासदारांत विभागलेले आहेत, आणि खानापूर-कित्तूरचे लोक कारवारकडच्या उमेदवाराला मत देतात. अखंड राहिले ते पालकमंत्रिपद, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि 'अठरा आमदारांचा जिल्हा' ही बिरुदावली.

इथेच १९९७ चा निर्णय आजच्या नेतृत्वस्पर्धेला येऊन मिळतो. मराठी बहुसंख्येच्या धास्तीने जिल्हा अखंड ठेवला गेला, आणि त्यातून जिल्ह्यावर पकड असलेल्या घराण्याला बेंगळुरात भाव मिळाला. सहा आमदारांच्या जिल्ह्याचा पालकमंत्री रुसला तर त्याची समजूत काढतात. अठरांच्या जिल्ह्याचा रुसला तर सरकारचा जीव टांगणीला लागतो. २०१८-१९ मध्ये हे प्रत्यक्ष दिसले. बेळगाव तालुक्याच्या पीएलडी बँकेचा, म्हणजे शेतीला कर्ज देणाऱ्या सहकारी बँकेचा, अध्यक्ष कोणाचा, एवढ्या किरकोळ वाटणाऱ्या भांडणात गोकाकचे जारकीहोळी बंधू एका बाजूला आणि बेळगाव ग्रामीणच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये तडजोडीने निवड बिनविरोध झाली, पण ग्रामीणच्या आमदारांचे समर्थक पदावर बसले. कनकपूरचा नेता आपल्या जिल्ह्यात हात घालतो, ही गोकाककरांची तक्रार तेव्हापासूनची. डिसेंबरात थोरल्या भावाला, रमेश यांना, मंत्रिमंडळातून काढून त्याच घरातल्या धाकट्या सतीश यांना घेतले. घर तेच, माणूस बदलला. पक्षश्रेष्ठींना वाटले, प्रश्न मिटला.

मिटला नव्हता. थोरल्या भावाने बंड केले, त्यात इतर जिल्ह्यांतले आमदार सामील झाले आणि २३ जुलै २०१९ रोजी काँग्रेस आणि जनता दलाचे आघाडी सरकार ९९ विरुद्ध १०५ मतांनी कोसळले. डिसेंबरातल्या पोटनिवडणुकीत गोकाक, अथणी आणि कागवाड या तिन्ही जागा बंडखोरांनी नव्या पक्षाच्या, म्हणजे भाजपच्या, चिन्हावर जिंकल्या. सरकार पडायला इतरही कारणे होती. पण ठिणगी एका तालुका बँकेत पडली, हे बेळगावात कुणीही सांगेल.

तेव्हापासून एकाच घराचे लोक दोन्ही पक्षांत आहेत. पक्षभेद बँकेच्या उंबऱ्याबाहेर राहतो. ऑक्टोबर २०२५ च्या जिल्हा मध्यवर्ती (डीसीसी) बँकेच्या निवडणुकीत सत्ताधारी आणि विरोधी पक्षांचे नेते एकाच पॅनलमध्ये होते, कुणाला नवल वाटले नाही. त्याच महिन्यात जिल्ह्यातल्या एका कार्यक्रमात तेव्हाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या मुलाने वडिलांनंतरचा वैचारिक वारस म्हणून इथल्याच मंत्र्याचे, सतीश जारकीहोळी यांचे, नाव घेतले. ते मंत्री अनुसूचित जमातीचे आणि अहिंदा, म्हणजे अल्पसंख्याक, मागास व दलितांच्या, राजकारणातले. कनकपूरच्या नेत्याचा रस्ता अडवायला त्याहून सोयीचे नाव नव्हते. मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षे वाटून घेण्याच्या कराराची चर्चा २०२३ पासून होती, पक्षाने तो कधी जाहीर केला नाही, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती अडीच वर्षे भरली. त्याच दिवसांत जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादक टनाला ३,५०० रुपयांसाठी बसले होते. ३,३०० वर तोडगा निघाला. कारखानदार दोन्ही पक्षांतले, त्यामुळे कुणाला फार बोलता आले नाही. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन भरले. चर्चा सभागृहापेक्षा रात्रीच्या पंगतींचीच जास्त होती.

मराठी मतांचा या मांडणीत उपयोग आहे, जागा नाही. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत उचगाव मतदारसंघ गेला. २०१३ मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले, २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. बेळगाव ग्रामीण, दक्षिण, खानापूर, येमकनमर्डी इथले मराठी मतदार आता दोन्ही राष्ट्रीय पक्षांत विभागले आहेत. निवडणुकीत शिवाजी महाराजांच्या पुतळ्याला हार घालायला सगळे येतात, मराठीतून कागदपत्रे मागितली की गप्प बसतात. जिल्हा अखंड ठेवण्याचे मूळ कारण ज्यांची संख्या होती, त्यांनाच अखंड जिल्ह्यात आवाज उरला नाही.

विभाजनाची मागणी २०२५ च्या अखेरीस पुन्हा आली, आणि या वेळी ती पालकमंत्री सतीश जारकीहोळी यांनीच उचलून धरली. चिकोडी आणि गोकाक हीच दोन नावे. घाईचे कारण जनगणना. त्यासाठी १ जानेवारी २०२६ ते ३१ मार्च २०२७ प्रशासकीय सीमा गोठवल्या जाणार होत्या. जिल्हा तुटला तर गोकाकवर पकड पक्की होते, पण अठरांचा आकडा जातो, मग बेंगळुरात सौदा कशाच्या बळावर करायचा, हे मागणी करणाऱ्यांनाही कळते. एप्रिल २०२७ मध्ये सीमा मोकळ्या झाल्या तरी पुढची विधानसभा निवडणूक त्यानंतर साधारण वर्षभरातच आहे.