तिसऱ्या कोटीचे की चौथ्या? भिंगातल्या विपथनांमागचा जुना घोळ

वक्रीभवनाचा नियम 1621 पासून ठाऊक आहे. रे ट्रेसिंगचे, म्हणजे भिंगांमधून किरणांचा मार्ग काढणारे, सॉफ्टवेअर आजही प्रत्येक पृष्ठभागावर तोच लावते. अडत होते ते आकडेमोडीपाशी. 1840 मध्ये व्यक्तिचित्रांसाठी जास्त प्रकाश घेणारे भिंग आखले गेले, तेव्हा हिशेबाला तोफखान्यातली माणसे घ्यावी लागली, कारण लॉगची कोष्टके त्यांच्या हातात बसलेली होती.

1856 मध्ये त्यावर तोड निघाली. कोनाची साइन म्हणजे (रेडियनमधला) कोनच असे धरले तर बिंदूची प्रतिमा बिंदूच येते. पण 30 अंशांना ही चूक जवळजवळ 5 टक्के भरते. साइनच्या मालिकेतले पुढचे पद, म्हणजे कोनाचा घन भागिले 6, हिशेबात घेतले की प्रतिमेचे पाच दोष, म्हणजेच विपथने, सुटे दिसतात: गोलीय विपथन, कोमा (बिंदूला धूमकेतूसारखे शेपूट फुटणे), अबिंदुकता, क्षेत्रवक्रता आणि विरूपण. घनातून आले म्हणून ते ‘तिसऱ्या कोटीचे’ (कोटी म्हणजे इथे घात, order).

नवशिक्याला ठेच लागते ती पुढे. तरंगाग्राच्या (एका बिंदूतून एकाच वेळी निघालेला प्रकाश जिथवर पोचला तो पृष्ठभाग) भाषेत हेच पाच दोष ‘चौथ्या कोटीचे’ ठरतात. दोष तेच, मोजायची जागा वेगळी. किरण प्रतिमेच्या प्रतलावर किती हुकला हे पाहिले, तर ॲपर्चरमधले (प्रकाश आत येतो त्या छिद्रातले) मध्यापासूनचे अंतर आणि प्रतिमेची उंची यांचे घात मिळून 3 होतात. तरंगाग्र आदर्श गोलापासून किती ढळले हे पाहिले, तर 4. तरंगाग्राच्या चुकीचा उतार काढला की किरणाची चूक मिळते, आणि उतार काढताना एक घात गळतो. एवढेच आहे. ‘प्राथमिक विपथने’ हे बिनआकड्याचे नाव उपलब्ध असताना दोन्ही आकडे चालू ठेवणे मला चुकीचेच वाटते. एकाच अहवालात दोन्ही आले की चांगले अभियंतेही अडखळतात.

1950 च्या दशकात संगणक आले आणि अक्षाच्या प्रतलाबाहेरचे तिरकस किरण परवडू लागले. हाताने हिशेब करणारे ते शक्यतो टाळत. आता एका बिंदूतून शेकडो किरण सोडून ठिपक्यांचे चित्र काढता येऊ लागले. कोमाचे शेपूट त्यात सरळ डोळ्यांना दिसते.

1990 मध्ये हबल या अवकाश दुर्बिणीच्या 2.4 मीटरच्या आरशात गोलीय विपथन सापडले. पृष्ठभागाच्या भाषेत कड 2.2 मायक्रॉनने जास्त सपाट. किरणांच्या भाषेत, ताऱ्याच्या प्रकाशाचा जेमतेम 15 टक्के भाग 0.1 विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) त्रिज्येत, जिथे 70 टक्के यायला हवा होता. उलट्या विपथनाचे छोटे आरसे डिसेंबर 1993 मध्ये बसवले गेले.