पोर्टल डॉपलरला उपाशीपोटीच का बोलावतो?

"काही खाल्लं नाही, फक्त अर्धा कप चहा घेतलाय." हे वाक्य आमच्या सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर जवळजवळ रोज ऐकू येतं. पोर्टल डॉपलर म्हणजे लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतला रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी, आणि ती उपाशीपोटीच करावी लागते. मग दुसऱ्या दिवशीची वेळ द्यावी लागते. लांबून एसटीने आलेल्यांचा दिवस आणि भाडं वाया जातं आणि राग आमच्यावर निघतो. एवढ्याशा चहाने काय बिघडतं, हे नीट सांगायलाच हवं.

जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा (पानथरी) यांचं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेत जमतं आणि आधी लिव्हरमधून जातं. लिव्हरला मिळणारं सुमारे पाऊण रक्त या शिरेतूनच येतं. सिरोसिसमध्ये लिव्हर कडक झालं की रक्ताला पुढे वाट मिळत नाही आणि शिरेतला दाब वाढतो. त्यातच आतड्यांकडे जाणाऱ्या धमन्या सैलावतात आणि मागून जास्तच रक्त येऊ लागतं. पुढे तुंबलेलं आणि मागून लोंढा, अशी ही कोंडी असते.

तुंबलेलं रक्त आडवाटा शोधतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी, जठराच्या वरच्या भागात, बेंबीभोवती आणि प्लीहेपासून मूत्रपिंडाच्या शिरेकडे. अन्ननलिकेतल्या पातळ शिरा फुगून फुटल्या तर रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखी काळी शौच होते. जठराच्या अस्तरातही रक्त साचतं आणि ते थोडंथोडं झिरपत राहिलं की हिमोग्लोबिन उतरतं. प्लीहा मोठी होते, प्लेटलेट कमी होतात, पोटात पाणी होतं.

डॉपलरवर आम्ही या शिरेची रुंदी, रक्ताचा वेग आणि दिशा पाहतो, आत गुठळी आहे का तेही तपासतो. साधारणपणे रुंदी १३ मिलिमीटरपर्यंत आणि वेग सेकंदाला १६ ते ४० सेंटिमीटर असतो. आजार वाढला की वेग मंदावतो, कधी रक्त उलटं वाहू लागतं.

आता चहाकडे येऊ. पोटात दूध-साखर गेली की आतडी जास्त रक्त मागतात आणि पोर्टल व्हेनमधला प्रवाह वाढतो. मंदावलेला वेग त्यामुळे बरा दिसू शकतो आणि चांगली शीरही रुंद भासू शकते. पित्ताशय आकसतं ते वेगळंच. "दुसरीकडे जेवून गेलो तरी करून देतात," असं काही जण म्हणतात. मुतखड्याची सोनोग्राफी आम्हीही जेवणानंतर करतो. पण पोर्टल डॉपलरचे आकडे पोटविकारतज्ज्ञ सहा महिन्यांनंतरच्या आकड्यांशी ताडून पाहतात. आम्हालाच ज्याची खात्री नाही तो आकडा आम्ही रिपोर्टात लिहीत नाही. याच कारणाने एका रुग्णाला अर्धा तास देतो आणि तपासणी डॉक्टर स्वतः करतात.

म्हणून सहा ते आठ तास काही खाऊ नका. साध्या पाण्याचे दोन घोट चालतील. मिश्री, तंबाखू आणि च्युइंगम नको. मधुमेह असेल तर नाव नोंदवतानाच सांगा, सकाळचा पहिला नंबर तुमच्यासाठी ठेवतो. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळीचं काय करायचं, ते मात्र तुमच्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल चालू असेल तर मनाने बंद करू नका. पोर्टल व्हेनमधला दाब उतरवायला दिलेल्या या गोळ्यांनी तिथला प्रवाह कमी होतो, म्हणून त्यांची नोंद आम्ही रिपोर्टात करतो. जुने रिपोर्ट आणि एंडोस्कोपीचे कागद सोबत आणा. तुलना करून लिहिण्याचे वेगळे पैसे घेत नाही.

अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहायला एंडोस्कोपीच लागते. आमचा रिपोर्ट चांगला आला म्हणून ती टाळू नका. रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली तर आमची वेळ घेत बसू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ते घरी ठरवू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा. डॉपलर नंतर करता येईल.