दोहाची मध्यरात्र आणि जळगावची दुपार

२०३६ चं ऑलिंपिक अहमदाबादला मिळावं म्हणून भारत धडपडतोय आणि कतारच्या दोहालाही ते हवंय. दोहाच्या उकाड्याचा विषय निघाला की जळगाव-भुसावळकडे एक उत्तर ठरलेलं असतं: "त्यात काय, आम्ही ४५ अंशांत वरातीत नाचतो!" नाचतो, खरं आहे. पण दोहाचं दुखणं पाऱ्यापेक्षा दमटपणाचं आहे.

२०१९ ची जागतिक मैदानी स्पर्धा दोहात झाली, सप्टेंबरअखेर. ऊन नको म्हणून महिलांची मॅरेथॉन रात्री ११.५९ ला सोडली. पारा ३२ च्या जरासा वर, म्हणजे आपल्या मे महिन्यातली बरी रात्र. तरीही ६८ पैकी २८ जणींनी शर्यत अर्ध्यावर सोडली. हवेत आर्द्रता होती ७३ टक्क्यांच्या आसपास.

वाळवंट म्हणजे कोरडी हवा, असं आपण धरूनच चालतो. सौदी अरेबियाची राजधानी रियाध समुद्रापासून लांब, आत आहे. तिथे ते बरोबर. दोहा मात्र इराणच्या आखाताच्या काठावर. हे आखात उथळ, सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. उन्हाळ्यात त्याचं पाणी तापतं आणि वाफ किनाऱ्यावरच्या हवेत साठते.

आता आपला कूलर बघा. मेमध्ये वाळ्याच्या ताटीतून कशी गार झुळूक येते! मृगाच्या सरी पडल्या की तोच कूलर खोली नुसती चिकचिकीत करतो. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, पण हवेत वाफेला जागा असेल तरच. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळून वारा घाला. पारा उतरत जातो आणि एका ठिकाणी थांबतो. त्याला 'ओला पारा' म्हणू. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या जळगावी दुपारी तो साधारण २३ वर थांबतो. दोहाच्या त्या मध्यरात्री थांबला असता साधारण २८ वर.

शरीरही हाच कूलर चालवतं. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० जूल उष्णता घेऊन जातो. वेगाने पळणारं शरीर ८०० वॉट उष्णता तयार करतंय असं धरलं, तर ती सगळी घामावाटे काढायला ताशी १.२ लिटर घाम वाळायला हवा. वाळायला, निथळून रस्त्यावर पडलेल्या थेंबाचा काडीचा उपयोग नाही. घाम किती झपाट्याने वाळेल, हे त्वचेवरच्या आणि हवेतल्या बाष्पदाबाच्या, म्हणजे वाफेच्या दाबाच्या, फरकावर ठरतं. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेवर हा दाब ५६ हेक्टोपास्कल. त्या रात्री दोहाच्या हवेत तो जवळपास ३५ होता, म्हणजे फरक २१. जळगावच्या दुपारी हवेत फक्त १४, फरक ४२. दुप्पट!

म्हणून जळगावात भरदुपारी पळा, असं नव्हे. ४४ अंशांची हवा आणि डोक्यावरचा सूर्य शरीरात उलट उष्णता ओततात, आणि घाम दिसायच्या आत वाळत असल्याने किती पाणी गेलं ते कळतच नाही. शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे तेवढे उमटतात. म्हणूनच खेळांसाठी वापरतात त्या उष्णता निर्देशांकात ओल्या पाऱ्याला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या पाऱ्याला २० आणि साध्या पाऱ्याला १० टक्के असतं. (खिशातल्या कांद्याला शून्य. कांदा भाकरीबरोबर खावा.)

मग दोहाला संधी किती? स्टेडियममधल्या खेळांचा प्रश्न त्यांनी बराचसा सोडवलाय. थंड हवा जड, त्यामुळे खाली सोडली की मैदानाच्या खोलगट भागात टिकते. पण ही युक्ती मॅरेथॉन आणि सायकलिंगपुढे फसते. ४२ किलोमीटर रस्त्याला भिंती नसतात. २०२२ चा फुटबॉल विश्वचषकही शेवटी नोव्हेंबर-डिसेंबरात ढकलावा लागला. २०१६ च्या ऑलिंपिकसाठी दोहाने ऑक्टोबर सुचवला होता, तेव्हा तारखांवरूनच नकार मिळाला. टोकियोची मॅरेथॉन मात्र उकाड्यापायी साप्पोरोला हलवली गेली. दोहाने शर्यत हलवायची कुठे? आसपास थंड गाव नाही. तारीखच हलवावी लागेल.

अहमदाबादवाल्यांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. जुलै-ऑगस्टात तिथे पारा तिशीच्या थोडा वर आणि हवा पावसाळी दमट असते, म्हणजे ओला पारा दोहाच्या त्या रात्रीच्या जवळपासच जातो.