तोंडी सादरीकरणाचे गुण : वर्गातल्या तक्त्यामागचा इतिहास

विद्यार्थी वर्गासमोर उभा राहून एखादा विषय मांडतो तेव्हा शिक्षकाच्या हातात बहुधा एकच तक्ता असतो: उच्चार, आवाज, हावभाव, पाठांतर, वेळ. हा तक्ता कोणी भाषाशिक्षणाचा विचार करून आखलेला नाही. त्यातला काही भाग शाळा तपासणीच्या काळातून उरला आहे, काही वक्तृत्व स्पर्धेतून आला आहे. तपासणीत शाळेची परीक्षा होत असे आणि स्पर्धेत पहिले तीन निवडायचे असतात. मुलाला पुढे काय शिकवायचे, हा प्रश्न दोन्हीकडे नव्हता. आजच्या अडचणी समजायच्या तर हे दोन्ही धागे वेगळे करून पाहावे लागतात.

पंतोजींच्या शाळेत सगळीच परीक्षा तोंडी होती. पाढे, पावकी, निमकी, औटकी घडाघडा म्हणता आली की मूल पुढे सरके. हे बोलणे म्हणजे स्मरणाची उजळणी होती. इंग्रजी अमदानीत सरकारी शाळा आल्या आणि तपासणीला डिपोटी, म्हणजे सरकारी शाळा निरीक्षक, येऊ लागले. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित नियमावलीने शाळेचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि गणितातल्या निकालाला बांधले आणि मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. निरीक्षक एकेका मुलाला उभे करून वाचायला लावी. परिणाम व्हायचा तोच झाला. वाचनाचे पुस्तक मुलांकडून आधीच पाठ करून घेतले जाई आणि मूल वाचते आहे की म्हणते आहे, हे निरीक्षकाला कळणे कठीण होई. आजही ‘सादरीकरण’ म्हणून घरून पाठ करून आणलेली पंधरा वाक्ये ऐकू येतात. त्यांचे मूळ इतके जुने आहे.

तोंडी परीक्षेवरचा विश्वास मात्र दुसऱ्याच कारणाने उडाला. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात शाळा समितीचे सदस्य वर्षातून एकदा शाळांत जाऊन तोंडी प्रश्न विचारत. १८४५ मध्ये तिथे छापील प्रश्नपत्रिका देऊन लेखी परीक्षा घेण्यात आली. त्या वेळचे मॅसॅच्युसेट्स राज्याचे शिक्षण सचिव होरेस मान यांनी या बदलाची जोरदार बाजू घेतली. तोंडी परीक्षेत प्रत्येक मुलाच्या वाट्याला वेगळा प्रश्न येतो, एकाला सोपा तर दुसऱ्याला अवघड, आणि शिक्षक मध्ये पडून उत्तर सुचवू शकतो. शिवाय नंतर पडताळायला काहीच उरत नाही, आणि सर्वांत घातक मुद्दा हाच. उत्तरपत्रिका पुन्हा तपासता येते, बोलणे हवेत विरते. आपल्याकडे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली आणि शालेय शिक्षणाचे तोंड हळूहळू मॅट्रिकच्या पेपराकडे वळले. वर्गातले बोलणे गुणपत्रकाबाहेर गेले.

ते वर्गाबाहेर मात्र बहरले. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तिच्या मराठी ज्ञानप्रसारक सभेत सभासद निबंध वाचत आणि त्यावर चर्चा होई. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे शाळा-शाळांतून वक्तृत्व स्पर्धा रुजल्या. परीक्षकांसमोरचा कागद, वेळ संपत आल्याची घंटा, ‘विषयाची मांडणी, भाषाशैली, आवाज, हावभाव’ असे रकाने ही सारी त्या स्पर्धांची देणगी आहे. स्पर्धेपुरते हे रकाने चालतात, कारण तिथे येणारी मुले आधीच बोलकी असतात. साठ मुलांच्या वर्गात तोच कागद लावला की ठसकेबाज आवाजाचे मूल पुढे जाते आणि मुद्देसूद पण हळू बोलणारे मागे पडते.

असे का होते, याचे उत्तर १९२० मध्येच मिळाले होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी सैनिकी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले शेरे तपासले. बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य या वेगवेगळ्या गुणांचे आकडे संशयास्पद वाटावे इतके एकमेकांना चिकटून चालत होते. एका गोष्टीची छाप पडली की बाकीचे रकाने त्याच रंगात भरले जातात. सादरीकरणात पहिल्या अर्ध्या मिनिटाचा आत्मविश्वास ही छाप पाडतो. १९६१ मध्ये पॉल डीडरिक आणि सहकाऱ्यांनी ३०० निबंध वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या ५३ वाचकांकडून ९ श्रेणींत तपासून घेतले, तेव्हा ९४ टक्के निबंधांना किमान ७ वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. कोणी विचारांना महत्त्व देत होते, कोणी मांडणीला, कोणी शुद्धलेखनाला. हाती कागद असूनही ही तफावत, मग एकदाच ऐकलेल्या बोलण्याचे काय! यातूनच पुढे प्रत्येक निकषाची पातळी शब्दांत लिहून ठेवण्याची पद्धत वाढली. ‘आशय : ४ पैकी’ एवढे पुरत नाही. ४ म्हणजे ‘मुख्य मुद्दा स्पष्ट, किमान दोन उदाहरणे आणि त्यांचा मुद्द्याशी संबंध सांगितला’. २ म्हणजे ‘माहिती आहे, पण मुद्दा ऐकणाऱ्याला शोधावा लागतो’. असे लिहिले की दोन शिक्षकांचे गुण जवळ येऊ लागतात.

महाराष्ट्रात वर्गातल्या बोलण्याला पुन्हा अधिकृत जागा मिळाली ती शिक्षण हक्क कायद्यानंतर, २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत तोंडीकाम आले: प्रश्नोत्तरे, प्रकट वाचन, भाषण-संभाषण, भूमिकाभिनय, मुलाखत, गटचर्चा. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के होता, सातवी-आठवीला ४०. कल्पना उत्तम होती. पण नोंदवहीत वर्णनात्मक नोंद लिहिण्याची सक्ती आली आणि तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या. ‘आत्मविश्वासाने बोलतो’, ‘स्पष्ट उच्चारात बोलतो’ अशी वाक्ये हजेरीपटाच्या क्रमाने उतरली. त्या नोंदीवरून मुलाचे काय चुकले हे कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी काय बदलायचे हेही कळत नाही.

दहावीत हा प्रश्न उघड्यावर आला. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे तोंडी आणि अंतर्गत कामासाठी शाळेच्या हातातले २० गुण २०१८-१९ मध्ये काढून घेतले गेले. शाळा ते सरसकट वाटतात, हा आक्षेप होता. राज्याचा निकाल मार्च २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून मार्च २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रम आणि कृतिपत्रिकाही (नव्या धर्तीच्या प्रश्नपत्रिका) त्याच वर्षी नव्या होत्या, त्यामुळे सगळी घसरण या २० गुणांच्या माथी मारता येत नाही. अकरावी प्रवेशात इतर मंडळांच्या मुलांपुढे आपली मुले मागे पडतात, अशी ओरड झाली आणि २०१९-२० पासून ८०:२० ची (लेखी ८०, शाळेकडे २०) विभागणी परत आली. गुण परतले, पण बॉस्टनमध्ये १८४५ साली विचारला गेलेला प्रश्न तसाच राहिला: कशाच्या आधारावर?

सरसकट गुण देण्यामागे आळस कमी आणि वेळेचे गणित जास्त असते. एका मुलाला ४ मिनिटे बोलायला, २ मिनिटे प्रश्नांना, १ मिनिट नोंदीला धरले तर ३५ मिनिटांच्या तासात पाच मुले होतात, हजेरी आणि अदलाबदल धरता चारच. साठ मुलांना पंधरा तासिका लागतात. सत्राच्या शेवटी एवढ्या तासिका मिळत नाहीत, मग दोन दिवसांत प्रत्येकी एक प्रश्न विचारून तोंडी ‘उरकली’ जाते. त्यावर उपाय म्हणजे सत्रभर आठवड्याला चार मुले बसवणे, विषय आठ दिवस आधी देणे आणि नोंद मूल जागेवर बसण्याआधी पुरी करणे. शेवटी एकत्र बसून गुण भरले तर दिवसाच्या पहिल्या चार आणि शेवटच्या चार मुलांचेच बोलणे आठवते. पाठांतर ओळखायलाही प्रश्नांची ती दोन मिनिटेच कामी येतात. पाठ केलेले मूल ‘याचे तुझ्या गावातले उदाहरण सांग’ म्हटले की थांबते. समजून आलेले मूल अडखळत का होईना, बोलते.

तक्त्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत अन्यायकारक रकाना उच्चाराचा आहे. घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाचा ‘ण’चा ‘न’ झाला म्हणून गुण कापले तर आपण त्याच्या घराला गुण देतो, त्याच्या मांडणीला नाही. रकाना ठेवायचाच तर ‘मागच्या बाकावर समजले का’ असा ठेवावा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या समग्र प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायींचे मूल्यमापन आहे. वर्गात मुलांना एकमेकांना थेट गुण द्यायला लावले की मैत्री आणि रुसवे बोलू लागतात. त्याऐवजी ऐकणाऱ्या प्रत्येकाने वक्त्याला विचारायचा एक प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा. प्रश्न नेमके असतील तर मांडणी पोहोचली. सगळे प्रश्न ‘पुन्हा सांग’ याच अर्थाचे असतील तर कुठे तुटले, ते वक्त्याला आणि शिक्षकाला त्या चिठ्ठ्यांवरच दिसते, आणि चिठ्ठ्या नोंदवहीत लावून ठेवता येतात.