इत्बायात: वारा अडवणारी भिंत भूकंपात का पडते?

नकाशावर अकोल्यावर बोट ठेवा आणि सरळ पूर्वेला सरकत जा. ओडिशा, बंगालचा उपसागर, म्यानमार, लाओस, व्हिएतनाम, मग दक्षिण चिनी समुद्र, आणि तो संपता संपता एक बारकं बेट लागतं, इत्बायात. फिलिपीन्सच्या बातानेस प्रांतातलं. २०२० च्या जनगणनेत या अख्ख्या प्रांतात १८,८३१ माणसं भरली, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं बाजारगाव. त्यातली तीनेक हजार इत्बायातला राहतात. मनिला ज्या लुझोन बेटावर आहे त्यापेक्षा इथून तैवान जवळ पडतं, आणि भाषेचं नातंही तिकडचंच, इथल्या इवातान लोकांची बोली तैवानच्या लान्यू बेटावरच्या लोकांना बरीच ओळखीची वाटते.

बेट साधारण ८३ चौरस किलोमीटर, पण गंमत म्हणजे त्याला धड किनाराच नाही! ज्वालामुखीच्या खडकावर प्रवाळ वाढलं, खालची जमीन हळूहळू वर उचलली गेली, आणि ते प्रवाळ चुनखडीचे कडे होऊन आज चहूबाजूंनी उभं आहे. वाळूची चौपाटी नाही, मोठी बोट लागेल असा धक्का नाही. फालुवा नावाच्या गोल बुडाच्या लाकडी होड्या येतात, लाटेने होडी वर उचलली की नेमक्या त्या क्षणी उतारूने काँक्रीटवर उडी मारायची. मधला भाग मात्र वाडग्यासारखा खोलगट, म्हणून वस्ती आत, वाऱ्याच्या आडोशाला.

कारण वारा हा इथला खरा मालक. पॅसिफिकमधून निघालेली टायफून, म्हणजे तिकडची चक्रीवादळं, तैवानकडे जाता जाता वाटेत हेच बेट गाठतात. सप्टेंबर २०१६ मध्ये मेरांती नावाचं प्रचंड टायफून थेट इत्बायातवरून गेलं. अशा ठिकाणी घर कसं बांधायचं? इवातान लोकांचं उत्तर बघण्यासारखं आहे. स्पॅनिश अमलात, १७८३ नंतर, चुन्याचा वापर आला, तो चुनाही प्रवाळ भाजून केलेला, आणि त्यातून जाडजूड दगडी भिंतींची बुटकी घरं उभी राहिली. वर कोगोन गवताचं दाट शाकारलेलं छप्पर, वादळ यायच्या आधी त्यावर दोरांचं जाळं टाकून ताणून बांधायचं, आणि ज्या दिशेने वारा मारतो त्या भिंतीला खिडकीच ठेवायची नाही. शेतात जाताना बाया डोक्यापासून पाठीपर्यंत ‘वाकुल’ घालतात, शिंदीच्या जातकुळीतल्या एका झाडाच्या पानांच्या धाग्यांचं, कोकणातल्या इरल्याची लांबची बहीणच म्हणा ना.

आता २७ जुलै २०१९. पहाटे ४:१६ ला, लोक झोपेत असताना ५.४ तीव्रतेचा धक्का, आणि सव्वातीन तासांनी ५.९ चा. आकडे ऐकून फार वाटत नाहीत, पण केंद्र उथळ आणि अगदी जवळ होतं. नऊ माणसं गेली, जुन्या चर्चचा घंटेचा मनोरा कोसळला, दगडी घरं ढासळली. ज्या भिंतींनी कित्येक टायफून अडवली त्याच भिंती अंगावर आल्या.

यात भौतिकशास्त्र अगदी साधं आहे. वारा घराला किती जोरात ढकलणार हे वाऱ्याचा वेग आणि घराचा आकार यांवर ठरतं, घर किती जड आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्यामुळे भिंत जितकी जड तितकी ती जागची हलत नाही. भूकंपात उलटं, जमीनच हलते आणि भिंतीवर येणारा जोर म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, म्हणजे वजन दुप्पट तर जोरही दुप्पट. शिवाय जाड दगडी भिंत बऱ्याचदा दोन पाखांची असते, म्हणजे आतला एक थर, बाहेरचा एक आणि मध्ये भर घातलेली, आणि हलवलं की दोन्ही पाखं एकमेकांपासून सुटतात. १९९३ ला किल्लारीत आपण हेच पाहिलं, तिथं चुना नव्हता, माती होती आणि वर मातीचं जड धाबं होतं, म्हणून आणखी वाईट. इत्बायातचं गवती छप्पर निदान हलकं तरी.

अशा वेळी धावायचं कोणी? फिलिपीन्समध्ये ‘म्युनिसिपालिटी’ म्हणजे आपली नगरपालिका नव्हे, ती गावांचा गट असते. इत्बायातमध्ये पाच बरांगाय, म्हणजे गावं, आहेत, चार एकमेकांना चिकटून आणि राएले तेवढं वेगळं. ‘बरांगाय’ हा शब्दच मुळात ‘बालांगाय’ म्हणजे होडी यावरून आलाय, एका होडीतून आलेला गोतावळा तो एक गाव! दर तीन वर्षांनी मेयर थेट लोकांतून निवडतात, आपल्याकडच्या थेट सरपंचासारखा, आणि सोबत आठ निवडून आलेल्यांची सभा. स्वतःचा कर असून असून किती असणार, तीन हजार लोकांत? १९९१ च्या कायद्याने राष्ट्रीय करातला वाटा येतो, म्युनिसिपालिट्यांच्या वाट्यातले ५० टक्के लोकसंख्येवर, २५ जमिनीवर, आणि २५ टक्के सगळ्यांना सारखे. मला वाटतं या शेवटच्या २५ टक्क्यांवरच असली बारकी गावं तगून आहेत. २०१० च्या कायद्यानुसार उत्पन्नातला किमान ५ टक्के भाग आपत्तीसाठी बाजूला काढावा लागतो, पण उत्पन्नच छोटं तर त्याचे ५ टक्के ते किती!

दगडी घर सोडायलाच हवं असंही नाही. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठराविक अंतरावर घातले आणि खिडकीच्या वर सगळ्या भिंतींना बांधणारा सलग पट्टा दिला की पाखं सुटत नाहीत, जड भिंत वाऱ्यालाही पुरते. दगड बेटावर आहेच, पट्ट्यासाठीचं लोखंड आणि सिमेंट मात्र समुद्रातूनच येणार, म्हणजे लाट वर आली की पटकन उचलून काठावर टाकायचं, एकेक पोतं.