चिंध्या (गोधडीकाम)

गोधडीसाठी साठवलेले किंवा गोधडी शिवताना उरलेले कापडाचे लहान तुकडे. महाराष्ट्रात गोधडी (पश्चिम महाराष्ट्रात वाकळ) मुळात वापरून विरलेल्या कापडाचीच होते. त्यामुळे नवे कापड कापून रजई शिवणाऱ्यांकडे उरतो तसा तुकड्यांचा ढीग इथे साचत नाही. उरलेला तुकडा पुढच्या गोधडीच्या बोचक्यात जातो. चांगले धडके कपडे बोहारीण भांड्यांच्या बदल्यात नेते, तेव्हा घरात उरते ते तिनेही नाकारलेले.

नऊवारी लुगडे आधी मध्यावर विरते. मग तेवढा भाग कापून दोन्ही बाजू पुन्हा जोडत. याला दंड घालणे म्हणतात. दंड घातलेले लुगडेही फाटले की ते गोधडीकडे वळे. काठाची वीण घट्ट, म्हणून तो शेवटपर्यंत टिकतो. तो उसवून वेगळा ठेवतात आणि गोधडीच्या कडेला लावतात. खालच्या बाजूला अख्खे लुगडे किंवा धोतर अंथरायचे, वर रंग टिकलेली ठिगळे मांडायची आणि डागाळलेले, चाळण झालेले सगळे आत भरायचे, अशी ही विभागणी असते. वरच्या ठिगळावरून धावदोऱ्याच्या निदान दोन-तीन ओळी जायला हव्यात. बोटभर रुंदीची पट्टी वर लावली, तर दोन-चार धुण्यांत तिची दुमडलेली कड सुटते. तिची जागा आतच. बटणे आणि हूक आधीच काढून घ्यावे लागतात, नाहीतर सुई अडते.

शिंप्याकडचे कातरण फुकट किंवा स्वस्तात मिळते, पण ते सांभाळून वापरावे लागते. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, शेजारचे जुने आटत नाही. मग गोधडीभर चुण्या पडतात आणि विरलेले ठिगळ शिवणीपाशी फाटते. म्हणून कातरण आधी भिजवून वाळवतात. लाल आणि गडद निळ्या तुकड्यांचा रंग जातो का, तेही तेव्हाच कळते. टेरिकॉट घाम शोषत नाही. बनियन, टी-शर्टचे विणलेले कापड टाका ओढला की ताणते. ते आत भरायला ठीक, वर नको.

गोधडीतही न बसणाऱ्या चिंध्यांची चुंबळ होते, पोरांचा चेंडू होतो, बाहुलीच्या पोटात भरण जाते, चुलीला पोतेरे होते. खुद्द गोधडी जीर्ण झाली तर तिच्यावरच नवे अस्तर चढवतात. अशी दोन-तीन पिढ्यांची गोधडी उबदार खरी, पण नवरात्राआधीच्या धुण्यात ओली झाली की एकीला उचलत नाही.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाची कवंदी याच जातीची. या आफ्रिकी वंशाच्या समाजातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणले होते. कवंदी शिवणारी बाई एका कोपऱ्यापासून सुरुवात करते, कडेकडेने फिरत मध्याकडे येते आणि वाटेत एकेक तुकडा कड दुमडून बसवत जाते. आधी आखलेला नमुना नसतो; हाताशी आलेला तुकडा पुढची जागा ठरवतो. चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले तिकोनी तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात. हे नसले तर कवंदी उघडीवाघडी मानली जाते. चिंधीला दिलेला एवढा मान महाराष्ट्रातल्या रोजच्या गोधडीत क्वचितच दिसतो.

शहरांत आता गोधडी विकत मिळते. तिला मऊपणा यावा म्हणून जुन्या साड्या वापरणारे गट आहेत, त्यांचे काम पाहण्यासारखे असते. बाकी बराच माल नव्या छापील कापडाचे एकसारखे चौकोन कापून यंत्रावर शिवलेला असतो. दिसायला देखणा, पण त्यातून पुन्हा कातरण उरते आणि ते कचऱ्यात जाते.