सिलिॲक विकार आणि खान्देशातील ग्लुटेनमुक्त आहार

सिलिॲक हा लहान आतड्याचा जन्मभराचा विकार आहे. गहू, जव आणि राय या तीन धान्यांतले ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेले की अशा माणसाची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उठते. अस्तरावरचे सूक्ष्म उंचवटे, म्हणजे रसांकुर, झिजतात आणि शेवटी सपाट होतात. मग पोटभर जेवूनही लोह, कॅल्शियम, फॉलिक ॲसिड अंगी लागत नाही. ही गव्हाची ॲलर्जी नव्हे आणि नुसते अपचनही नव्हे. यावर गोळी नाही. ग्लुटेन पूर्ण आणि कायमचे बंद करणे हाच उपचार. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत हा उपचार वाटतो तितका परका नाही. अडचण येते ती गिरणीत, पंगतीत आणि कुळाचारात.

इंग्लंडमधील डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचे नेमके वर्णन केले आणि बरे करायचे तर ते आहारानेच होईल, असेही लिहून ठेवले. कोणता आहार, हे मात्र विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी दाखवले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा हा आजार असलेली मुले सुधारली. पाव परत आला आणि मुले पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाचा संशय त्याआधीपासूनच होता. १९५० च्या प्रबंधात त्यांनी तो सिद्ध केला.

विकार होण्यासाठी एचएलए डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ ही जनुके अंगात असावी लागतात. पण ती असणाऱ्या बहुसंख्य लोकांना आयुष्यभर काहीही होत नाही. भारतात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तीन प्रदेशांच्या पाहणीत उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के प्रौढांत हा विकार आढळला. जनुकांचे प्रमाण या प्रदेशांत फारसे वेगळे नव्हते. रोजच्या गव्हाचे प्रमाण मात्र फार वेगळे होते. खान्देशासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. इथे दोन पिढ्यांमागे पोळी सणाला आणि पाहुण्याला होत असे, एरवी भाकरीच. रेशनचा गहू, बागायत आणि नोकरदार घरांतला पोळी-भाजीचा डबा यांनी ताट बदलले. आज शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पोटात सकाळचे चहा-बिस्किट, दुपारची पोळी आणि संध्याकाळचा पाव धरून तीनदा गहू जातो.

निदान

पुस्तकातले लक्षण म्हणजे जुनाट जुलाब, फुगलेले पोट आणि काटकुळे हातपाय असलेले लहान मूल. प्रत्यक्षात पुष्कळ रुग्णांना जुलाब होतच नाहीत. लोहाच्या गोळ्या वर्षभर घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन, वर्गात सर्वांत बुटके राहिलेले मूल, उशिरा येणारी पाळी, वारंवार होणारे गर्भपात, कमी वयात ठिसूळ झालेली हाडे, तोंडात सतत येणारे फोड, कोपर-गुडघ्यांवर खाजणारे पुरळ, यातले एखादेच लक्षण घेऊन माणूस येतो. टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा स्वप्रतिकारक विकार असणाऱ्यांत सिलिॲक अधिक आढळतो.

खान्देशात निदान लांबते त्याला कारण आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात, अक्कलकुवा-धडगावकडे, रक्त कमी असले की सिकलसेल आणि कुपोषण ही दोन नावे आधी समोर येतात, आणि तिथे ती येणे चूकही नाही. वजन घटत असेल तर आतड्याचा क्षयरोग तपासला जातो. जंताचे औषध तर सगळ्यांनाच मिळते. या गर्दीत सिलिॲकची आठवण व्हायला कुणीतरी मुद्दाम प्रश्न विचारावा लागतो. गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नसेल, तर तो प्रश्न रुग्णानेच विचारायला हरकत नाही.

पहिली तपासणी रक्ताची. टीटीजी-आयजीए हे प्रतिपिंड मोजतात आणि सोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या गटातली सगळी प्रतिपिंडे, पाहतात, कारण काहींच्या अंगात आयजीएच कमी असते आणि मग अहवाल खोटा निर्धास्त करतो. तालुक्याच्या गावी प्रयोगशाळा नमुना घेऊन बाहेर पाठवते. दुसरी पायरी एंडोस्कोपीची. दुर्बीण घशातून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत नेऊन अस्तराचे बारीक तुकडे काढतात. एकाच तुकड्यावर भागत नाही, कारण इजा सलग नसते. त्यासाठी धुळे-जळगावला किंवा नाशिकला जावे लागते; नंदुरबार-नवापूरच्या लोकांना सुरत जवळ पडते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या इजेची प्रतवारी मार्श श्रेणीने करतात. लहान मुलांत टीटीजी कमाल मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए हे प्रतिपिंडही सापडले, तर युरोपीय बालरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेप्रमाणे तुकडा न काढताही निदान करता येते.

तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू सोडायचा नाही. शेजारणीने सांगितले, मोबाइलवर पाहिले आणि महिनाभर पोळी बंद केली, की प्रतिपिंडे उतरू लागतात, आतडे भरून येऊ लागते आणि निदान अधांतरी राहते. मग तपासणीसाठी काही आठवडे पुन्हा गहू खावा लागतो, आणि बरे वाटू लागलेल्या माणसाला ते नकोसे होते.

धान्य, दळण आणि विरी

ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, नागली, भगर, राजगिरा, शिंगाडा, सर्व डाळी आणि बेसन यांत ग्लुटेन नाही. म्हणजे कळणाची भाकरी, भरीत, ठेचा, डुबुकवडे, पाटवडीची भाजी, ज्वारीच्या बिबड्या हे सगळे मुळातच चालणारे. शहरातल्या दुकानात महागड्या पाकिटावर जे ग्लुटेन फ्री म्हणून विकले जाते, त्याहून हे ताट कितीतरी चांगले. त्या पाकिटांत बहुधा स्टार्च आणि साखरच जास्त असते.

चालत नाही ते असे: पोळी, रवा, मैदा, शेवया, लापशी, पाव, बिस्किटे, सातूचे पीठ, माल्ट घातलेली दुधातली पावडर आणि बिअर. खपली गहू पचायला हलका म्हणून सध्या फार विकला जातो, पण तोही गहूच आहे, सिलिॲकमध्ये तो चालत नाही. कुरडईबद्दल वाद घालणारे घरोघरी भेटतात की चिकात नुसता स्टार्च असतो. घरी काढलेल्या गव्हाच्या चिकात ग्लुटेन उरतेच. डबीतला हिंग घेताना मागची बाजू वाचावी: बांधणीसाठी त्यात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, आणि हिंग तर वरणातही पडतो, शेवभाजीच्या शेवेतही.

खरा धोका गिरणीत आहे. ज्वारीच्या पिठाला ग्लुटेनचा आधार नसतो. भाकरी जुळते ती गरम पाण्याने फुललेल्या स्टार्चवर, म्हणजे पिठात विरी (चिकटपणा) असेल तोवर. पीठ जुने झाले की विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरते आणि परातीतून उचलताना तुटते. म्हणून जाणती बाई ज्वारीचे दळण थोडे-थोडे आणते, आठवड्याला गिरणीत जाते. आणि गिरणीत तिच्या आधी कुणाचा तरी गव्हाचा डबा रिकामा झालेला असतो. दगडांच्या फटीत, तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीत, खालच्या पत्र्यात उरलेले गव्हाचे पीठ ज्वारीच्या पहिल्या दोन-तीन मापांत उतरते. भारतात ज्या मालावर ग्लुटेनमुक्त असे लिहायचे, त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालते. ही मर्यादा ओलांडायला चमचाभर कणीकही पुष्कळ झाली. पहिले माप सोडून द्या म्हणतात, पण त्याने काम अर्धेच होते. घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये, हा सर्वांत सरळ उपाय. ती परवडत नसेल, तर दोन-तीन घरांनी मिळून घ्यावी. जुने जाते असेल तर तेही चालते.

घरातही तेच. पोळीचा तवा, परात, पोळपाट-लाटणे वेगळे हवे. एकाच चुलीवर दोन्ही करायचे तर भाकरी आधी, पोळ्या नंतर. पलथनाचे पीठ हवेत उडते आणि उघड्या भाजीवर बसते. शेतकरी घरातली एक शंका: गव्हाला हात लावल्याने किंवा शेतात काम केल्याने काही होत नाही, त्रास होतो तो गिळलेल्या गव्हाचा. मळणीच्या धुरळ्यात मात्र नाकातोंडाला रुमाल बांधावा.

पंगत आणि कुळाचार

खान्देशात भंडारा म्हटले की वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. बट्टीत मक्याचे पीठ असते हे खरे, पण गव्हाच्या जाड पिठाशिवाय ती होत नाही. वाढपी बट्टी कुस्करलेल्या ताटात वरणाचा डाव टेकवतो आणि तोच डाव पुढच्या पानावर येतो. म्हणून पंगत बसण्यापूर्वी स्वयंपाक्याकडून वरण-भात वेगळा काढून घेणे, सोबत स्वतःची भाकरी नेणे, एवढेच हाती उरते. हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्या त्या मानाने सोप्या: भरिताला पुरी असली तरी शेजारी कळणाची भाकरी असतेच. उपवासाच्या दिवशी तर सगळे घरच नकळत ग्लुटेनमुक्त होते, आणि सिलिॲक असलेल्या मुलाला एकादशी आवडते ती याचमुळे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी होते. सैल, भरपूर तिंबलेली कणीक पुरण घालून दोन्ही हातांवर झेलत-झेलत कोपरापर्यंत पसरवतात आणि उपड्या तापल्या खापरावर टाकतात. ती फाटत नाही याचे सगळे श्रेय ग्लुटेनला. ज्वारीच्या पिठाने हा प्रकार होणार नाही, तो नादच करू नये. पुरण आणि आमरस मात्र वाटीत घेऊन खाता येतो, फक्त पुरण कणकेला हात लागण्याआधी बाजूला काढलेले हवे.

सर्वांत अवघड जागा कानबाईची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या या देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी सव्वाच्या मापाने गहू घेतात. रोट भाऊबंदांतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत आणि उरू द्यायचे नाहीत. ‘एक घासमा काय व्हस?’ हा प्रश्न इथे प्रेमाने विचारला जातो, म्हणून तो टाळणे जड जाते. होते ते इतकेच की त्या घासाने आतड्याची इजा पुन्हा सुरू होते, त्या रात्री पोट दुखो वा न दुखो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा ठरवले की अमक्याचा वाटा भावाने खायचा आणि अमक्याने नारळ व केळे घ्यायचे, तर रोट संपतात आणि नेमही मोडत नाही. हे पाहुण्यांसमोर नव्हे, सणाच्या आठवडाभर आधी ठरवावे.

मुलींच्या बाबतीत आजार लपवण्याकडे कल असतो, सोयरीक मोडेल या भीतीने. लपवले की सासरी पोळी खावी लागते, रक्त उतरते आणि गर्भ टिकत नाही. पथ्य नीट असेल तर गरोदरपण बहुधा इतर स्त्रियांसारखेच पार पडते. तेव्हा बैठकीतच सांगितलेले बरे.

पाठपुरावा

पथ्य सुरू झाल्यावर काही आठवड्यांत भूक आणि वजन सुधारते. मुले उंचीत भरभर सावरतात. दूध सुरुवातीला सोसत नसेल तर काही काळ कमी करावे, आतडे भरले की ते पुन्हा पचते. सहा महिन्यांनी, मग वर्षाने टीटीजी पाहतात. हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि थायरॉइडही तपासतात. प्रौढांचे अस्तर पूर्ण भरायला दोन वर्षे किंवा त्याहून अधिक लागू शकतात. टीटीजी उतरत नसेल तर औषध वाढवण्याआधी दळण कुठून येते ते विचारावे. आईवडील, भावंडे आणि मुले यांची रक्ततपासणीही करून घ्यावी, कारण सख्ख्या नात्यात दहातल्या सुमारे एकाला हा विकार निघतो आणि त्यातल्या काहींना तोवर काहीच त्रास झालेला नसतो.